पुढची जोडी कुठे जुंपायची?

घाटाच्या पायथ्याला भाड्याने जादा बैलजोडी मिळायची, त्या काळातल्या गाडीवानाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दुसरी जोडी जुंपायची ती चढ लागायच्या आधी, आणि सोडायची ती माथ्यावर पोचल्यावर. अर्ध्या चढावर भरलेली गाडी मागे सरायला लागली की मग जू-शिवळा शोधत बसण्यात अर्थ नसतो. फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे जे लॉकिंग हब असतात, ते याच जातीचे साधन. त्यांच्याबद्दलचा वाद मात्र वेगळ्याच मुद्द्यांवर चालतो: डिझेल किती वाचते, आताच्या गाड्यांत बटण असताना खाली उतरायचे कशाला, ही जुन्या जमान्याची गोष्ट झाली का. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची जमीन समोर ठेवून पाहिले तर या वादातले बरेचसे प्रश्न आपोआप गळून पडतात आणि उरतो तो एकच, वेळेचा. हब लॉक कधी करायचे हे ज्याला आधी ठरवता येते, त्यालाच ते उपयोगी. बाकीच्यांच्या गाडीवर ती दोन शोभेची बुचे आहेत.

वस्तू नीट पाहू. पुढच्या चाकाच्या मधोमध, नट-बोल्टांच्या वर्तुळाच्या आत, मुठीएवढी डबी बाहेर आलेली असते. तिच्या तोंडावर एक चकती, चकतीला बोटांची पकड बसेल असा मधला उंचवटा, आणि कडेला दोन खुणा: एक ‘फ्री’, दुसरी ‘लॉक’. चिखलाने ही चकती इतकी भरते की खुणा दिसत नाहीत, म्हणून जाणते लोक उंचवट्याच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवतात. चकती फिरवली की आतली दातेरी रिंग सरकते आणि एक्सलचे टोक व चाकाचा हब यांना एकत्र धरते. उलट फिरवली की रिंग मागे येते. मग चाक आपल्या बेअरिंगवर मोकळे फिरते आणि एक्सल, पुढचा क्राऊन-पिनियन, पुढचा प्रोपेलर शाफ्ट हे सगळे जागेवर गप्प राहतात. सायकलचे फ्रीव्हील ज्याने पाहिले आहे त्याला निम्मी गोष्ट समजलेली आहे. फरक इतकाच, की सायकलचे फ्रीव्हील स्वतःहून धरते-सोडते आणि इथे धरायचे की सोडायचे हे माणूस ठरवतो. गाडीच्या आत फोर-बाय-फोरचा वेगळा लिव्हर असतोच. तो ट्रान्स्फर केसमधून पुढच्या शाफ्टकडे ताकद पाठवतो. म्हणजे पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचायला दोन दारे उघडावी लागतात, एक गाडीत बसून आणि एक खाली उतरून. लिव्हर टाकला आणि हब मोकळेच राहिले, तर पुढचा शाफ्ट जोरात फिरतो, आवाज येतो, चालकाला वाटते चारी चाके ओढताहेत. प्रत्यक्षात मागचीच दोन चाके खड्डा खणत असतात.

ही दोन दारे आली कुठून, हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला असे हब नव्हते. एक्सल आणि चाक पक्क्या फ्लँजने जोडलेले असायचे. लढाईत पेट्रोलची, टायरची, शाफ्टच्या झिजेची फिकीर कोण करतो, आणि गोळीबारात खाली उतरून चकत्या फिरवायला सांगणे तर शक्यच नव्हते. युद्ध संपले, लष्कराने काढून टाकलेल्या जीप अमेरिकेतल्या सामान्य माणसांच्या हाती आल्या, डांबरी रस्त्यांवर धावू लागल्या, आणि मग १९४८ साली आर्थर वॉर्न यांनी सिॲटलमध्ये हे हब विकायला सुरुवात केली. म्हणजे लॉकिंग हब जन्मले ते रणगाड्यांच्या वाटेवर नव्हे, तर रोज रस्त्याने जाणाऱ्या आणि कधीमधी रानात उतरणाऱ्या माणसाच्या गरजेतून. आपल्याकडे महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीप जोडायला घेतली, तेव्हाही आल्या त्या बहुतेक पक्क्या फ्लँजच्याच गाड्या. पुढे अनेकांनी त्यांना बाहेरून हब बसवून घेतले. १९८५च्या डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली आणि कंपनीतूनच असे मोकळे होणारे हब असलेली गाडी इथल्या लोकांच्या, वन खात्याच्या आणि पोलिसांच्या ओळखीची झाली. आज इसुझूची व्ही-क्रॉस (२०१६) किंवा टोयोटाची हायलक्स (२०२२) घेतली तर हबचा प्रश्नच येत नाही. गाडीत बसून बटण फिरवायचे. पण त्या गाड्यांची किंमत पंचवीस-तीस लाखांच्या घरात. दुधाचे कॅन, सिमेंटची पोती आणि पवनचक्कीचे सुटे भाग वाहणाऱ्याच्या हिशोबात ती बसत नाही. जुन्या जीप, त्यांच्यावरून केलेल्या पिकअप, हौदा लावलेल्या जिप्सी, या गाड्या अजून डोंगरात कामाला आहेत आणि हबचा प्रश्न आहे तो त्यांच्यापुरता.

डिझेलचा मुद्दा आधी उरकून टाकतो, कारण हबची जाहिरात नेहमी त्याच नावाने होते. हब मोकळे असले की पुढचा एक्सल, क्राऊन आणि शाफ्ट फिरवण्यात जाणारी ताकद वाचते, हे खरे. पण ती ताकद मुळातच थोडी. टायरमधली हवा दोन-चार पौंड कमी असली, तरी तेवढे नुकसान सहज होते. हौद्यावर ताडपत्री फडफडत असेल तर त्याहून जास्त. तेव्हा डिझेलच्या बचतीवर हबची किंमत वसूल होईल असे कोणी सांगत असेल तर त्याने हिशोब केलेला नाही, असे समजावे. खरी बचत झिजेची. सातारा शहरातून पाटणला किंवा सांगलीहून शिराळ्याला जाणारी गाडी वर्षातले बहुतेक किलोमीटर डांबरावर काटते. त्या सगळ्या किलोमीटरांत पुढचे क्रॉस, ऑइल सील, पिनियनचे बेअरिंग विनाकारण फिरत राहिले, तर ते त्यांच्या वेळेआधीच संपतात. त्यातही जुन्या जीपचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट थोडा जरी असमतोल असला तरी साठच्या पुढे स्टिअरिंगमध्ये थरथर येते. हब मोकळे केले की ती जाते आणि स्टिअरिंगही हलके लागते. मोकळ्या हबचे हे फायदे खरे आहेत, पण ते पोटापुरते. त्यांच्यासाठी कोणी डोंगरात गाडी घालत नाही.

डोंगराकडेच येऊ. या दोन जिल्ह्यांइतका पावसाचा विरोधाभास थोड्या ठिकाणी सापडेल. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून काही तासांच्या अंतरावरच्या माण, आटपाडी, जतमध्ये पाचशेच्या आसपास. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे जतमध्ये वर्षभरात पडतो त्याहून जास्त. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि खाली शिराळ्याचा पश्चिम भाग ही पट्टी जांभ्याची. वर सपाट सडे, कडेला तुटलेले उतार, आणि सड्यावर जाणाऱ्या वाटा बहुतेक कच्च्या. चाळकेवाडी, वनकुसवडे आणि शिराळ्याचे गुढे-पाचगणी पठार, या तिन्ही ठिकाणी पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी वर रस्ते गेले. पण पवनचक्की दुरुस्त करायची वेळ मुहूर्त पाहून येत नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या आतल्या गस्तीच्या वाटा पावसाळ्यात शेवाळाने हिरव्या होतात. शिवसागर जलाशयाच्या काठच्या काही वस्त्यांना तर लाँच किंवा पायवाट हाच आधार. या सगळ्या भागात जून ते सप्टेंबर हा एक सलग काळ आहे, ज्यात डांबर सोडून पाऊल टाकले की चाकाखाली काय येईल याचा भरवसा नाही. जांभ्यावरच्या तांबड्या मातीचा थर पातळ असतो आणि खाली कठीण दगड. चाक त्या थरावरून साबणासारखे घसरते, पण चारी चाकांना ताकद मिळाली तर एखादे तरी दगडाला दात लावते. फोर-व्हील-ड्राइव्हला हवी असते तशीच ही जमीन आहे.

त्यातून पिकअपचा स्वभाव जीपपेक्षा वेगळा. इंजिन पुढे, केबिन पुढे, आणि मागे नुसता हौदा. भरलेला असेल तर मागच्या चाकांवर वजन येते आणि ती बरी पकडतात. रिकामा असेल तर मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा टणटण उडतात आणि ओल्या चढावर चाके जागच्या जागी फिरायला लागतात. हौद्यात वाळूची दोन पोती टाकून ठेवायची युक्ती त्यामुळेच चालते. डोंगरातली पिकअप बऱ्याचदा रिकामी किंवा अर्धवट भरलेली वर जाते आणि माल घेऊन खाली येते. म्हणजे चढताना मागचा भाग हलका आणि उतरताना जड, असा उलटा खेळ. चढताना पुढच्या चाकांची मदत लागते ती मागे वजन नसते म्हणून. उतरताना लागते ती वेगळ्या कारणाने. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवते, आणि हब लॉक असतील तर ते धरणे दोन चाकांऐवजी चारांवर वाटले जाते. ओल्या उतारावर मागची दोनच चाके इंजिनने रोखली तर ती घसरून गाडीचे शेपूट फिरू शकते. फोर-बाय-फोर म्हणजे चढण्याचे साधन अशी सरसकट समजूत आहे. पाटणच्या सड्यांवरून माल घेऊन खाली येणाऱ्याच्या दृष्टीने ते उतरण्याचे साधन जास्त आहे.

आता पूर्वेकडे उतरून कृष्णेच्या पट्ट्यात आलो की माझ्या म्हणण्याची धार बोथट होते, आणि ते मान्य केलेच पाहिजे. कराड, वाळवा, पलूस, मिरज. ऊस आणि द्राक्षांचा हा मुलूख काळ्या मातीचा. काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकटते, टायरची नक्षी एका फेऱ्यात भरून टाकते. नक्षी भरली की टायर गुळगुळीत लोण्याचा गोळा होतो, आणि मग दोन चाके फिरली काय आणि चार फिरली काय, सगळी सारखीच घसरतात. उलट चारी चाके फिरवत बसलेली गाडी पोटापर्यंत रुतते आणि काढायला दुप्पट कष्ट पडतात. शिवाय साध्या फोर-बाय-फोरमध्ये पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल मोकळे असते, म्हणजे एका एक्सलवरचे एक चाक राड्यात गेले की त्या एक्सलची सगळी ताकद तिकडेच वाहून जाते. चार चाकांची गाडी अशा वेळी जेमतेम दोन चाकांची उरते. इथे हबपेक्षा चांगल्या दातांचे टायर आणि मागच्या एक्सलचे डिफरन्शियल लॉक जास्त कामाचे. बोलेरो निओच्या एका मॉडेलमध्ये कंपनीने फोर-बाय-फोर न देता नुसते मागचे लॉक दिले आहे, त्यामागचा विचार काही चुकीचा नाही. आणि या पट्ट्यातला शेतकरी पिकअप पाणंदीत घालतोच कशाला? त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, द्राक्षबागेत फिरणारा छोटा फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टरही आहे. पिकअप डांबरावर उभी राहते आणि माल ट्रॅक्टरने बाहेर येतो. शेतकऱ्याच्या भाषेत वाफसा नावाचा शब्द आहे: माती इतकी ओली नाही की चिकटेल, इतकी कोरडी नाही की ढेकूळ होईल. वाफसा नसताना काळ्या रानात चाक घालायचे नाही हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. हबने वाफसा येत नाही. त्यामुळे या पट्ट्यात कोणी केवळ पाणंदीसाठी हबवाली पिकअप घ्यायला निघाला तर त्याला थांबवावे. त्यापेक्षा ती पाणंद खडी-मुरूम टाकून नीट करून घेणे बरे. राज्य सरकारची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ साली त्यासाठीच आली.

जत, आटपाडी, माण, खटाव या भागाबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे आहे. मुरमाड जमीन, उन्हाळ्यात धुळीच्या वाटा, माण आणि येरळेसारख्या नद्यांची वाळूची पात्रे. वाळूत हब लॉक करून, टायरची हवा कमी करून हळू जावे लागते. तो प्रसंग वर्षातून मोजक्या वेळा. तिथे हब लॉक करण्याची सवय लावण्यापेक्षा ते गंजून जाम होणार नाहीत याची सवय लावणे महत्त्वाचे.

मग मुख्य आक्षेपाकडे वळू. बटणाने चालणारी यंत्रणा असताना हाताचे हब का? यात दोन गोष्टी मिसळल्या जातात. आताच्या हायलक्ससारख्या गाड्यांत चाकाजवळ हब नसतोच. पुढच्या एक्सलमध्ये एका बाजूला जोड तुटते. त्यात पुढचा प्रोपेलर शाफ्ट थांबतो, पण चाकाला लागलेले छोटे शाफ्ट फिरतच राहतात. डांबरावर चाळीस हजार किलोमीटर आणि रानात चारशे, असे ज्याचे प्रमाण आहे त्याच्यासाठी ही उत्तम तडजोड आहे आणि तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. दुसरी जात म्हणजे आपोआप लॉक होणारे हब. त्यांच्या जुन्या यांत्रिक प्रकारात एक्सलने ताकद दिली की आतले तुकडे धरतात, आणि गाडी दोन-तीन मीटर मागे घेतली की सोडतात. अडचण इथेच आहे. रुतलेली गाडी काढताना पुढे-मागे, पुढे-मागे झोका द्यावा लागतो, आणि दिशा बदलली की असा हब काही क्षण हात सोडतो. उतारावर इंजिनने रोखायचे तेव्हाही त्याच्या पकडीचा भरवसा नसतो. घाटउतारासाठी हा दोष किरकोळ नाही. सुझुकीने जिम्नीसारख्या गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारे हब दिले. ते दोन्ही दिशांना धरतात, पण त्यांचा जीव रबरी नळ्यांत आणि सीलमध्ये आहे. महिनोन्‌महिने पावसात उभ्या राहणाऱ्या, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या गाडीत तो जीव किती टिकेल याचा विचार खरेदी करणाऱ्याने करावा. फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपला व्हॅक्यूमचे आपोआप लागणारे हब आहेत, तरीही त्या हबवर हाताने ‘लॉक’ करायची चकती ठेवलेली आहे. इतक्या मोठ्या कंपनीने आपल्याच यंत्रणेला असा जामीन ठेवला, ही गोष्ट हाताच्या हबच्या बाजूने मला पुरेशी बोलकी वाटते.

याहून वजनदार आक्षेप माणसाबद्दलचा आहे. पावसात, गुडघाभर राड्यात, कोण उतरून चकत्या फिरवणार? उत्तर सरळ आहे: कोणीही नाही, आणि फिरवायची वेळ येऊही नये. गाडी रुतल्यावर हब लॉक करायला उतरणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. तोवर मागची चाके बसलेली असतात, एक पुढचे चाक चिखलात गाडलेले असते आणि त्याची चकती बोटांना सापडत नाही. डांबर संपते तिथे, कोरड्यात गाडी थांबवायची, दोन्ही बाजूंचे हब लॉक करायचे आणि मग चढायला लागायचे. याहून सोपे म्हणजे पश्चिम पट्टीत जूनच्या पहिल्या आठवड्यात हब लॉक करून ते सप्टेंबरअखेरपर्यंत तसेच ठेवायचे. हे ऐकून कित्येकांना धक्का बसतो, कारण हब लॉक म्हणजे फोर-बाय-फोर चालू असा समज आहे. तसे नाही. हब लॉक असून गाडीतला लिव्हर टू-व्हीलवर असेल तर डांबरावर पळायला काही अडचण नाही. पुढचे शाफ्ट नुसते फिरतात, जुन्या पक्क्या फ्लँजच्या जीपमध्ये फिरायचे तसे. चार महिन्यांच्या झिजेचा तोटा आहे, पण ऐन वेळी नुसता लिव्हर ओढायला मोकळे राहता येते. डांबरावर चालवू नये तो लिव्हर. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये तफावत सोसणारे मधले डिफरन्शियल नसते. वळताना पुढची चाके मोठ्या वर्तुळावर आणि मागची लहान वर्तुळावर जातात. मातीत ही तफावत घसरून निघते, डांबरावर निघत नाही, म्हणून शाफ्ट पिळला जातो, लिव्हर जाम होतो, टायर खरडतात. ट्रॅक्टरवाल्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. फोर-व्हील लावलेला ट्रॅक्टर रस्त्याने पळवला की पुढचे टायर आधी जातात. लिव्हर असा अडकला तर जोर लावू नये. थोडे मागे घ्यावे, पीळ सुटतो.

माणसाच्या चुकांतली सगळ्यात विचित्र चूक म्हणजे एकच हब लॉक होणे. डावीकडे उतरून चकती फिरवली, उजवीकडे ओढ्याचे पाणी होते म्हणून राहून गेली, किंवा फिरवली पण आतली रिंग पूर्ण बसली नाही. अशा वेळी लिव्हर टाकला तर पुढचे डिफरन्शियल सगळी ताकद मोकळ्या बाजूला देते, तिथला एक्सल भिंगरीसारखा फिरतो आणि लॉक केलेल्या चाकाला काहीच मिळत नाही. टू-व्हीलवर पळताना त्याहून गंमत होते: लॉक असलेले चाक आपला एक्सल फिरवते आणि डिफरन्शियलमधून दुसऱ्या बाजूचा एक्सल उलटा फिरतो. आवाज येत नाही, गाडी ओढत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही. आतल्या गिअरांची झीज मात्र चालू असते. दुसरी चूक जास्त महाग पडते. हब मोकळे ठेवून लो-गिअरमध्ये भरलेली गाडी चढावर खेचली, तर चार चाकांत वाटली जाणारी ताकद एकट्या मागच्या एक्सलवर येते, आणि मागचा एक्सल तुटण्याचे हे जुने कारण आहे. गंमत अशी की हाच प्रकार हळुवार वापरला तर कामाचा आहे. डांबरी किंवा काँक्रीटच्या आवारात जड ट्रेलर अगदी मुंगीच्या पावलाने मागे घ्यायचा असेल, तर हब मोकळे ठेवून लो-गिअर लावता येतो. शाफ्टला पीळ बसत नाही आणि क्लचही जळत नाही. बटणवाल्या गाड्यांपैकी बहुतेकांना हे जमत नाही.

पुराबद्दल वेगळे बोलावे लागेल, कारण सांगलीत तो अधूनमधून येणारा पाहुणा राहिलेला नाही. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली. अशा पाण्यातून मदतीच्या गाड्या गेल्या की हबच्या मध्यापर्यंत पाणी सहज चढते. चाक गरम असते, पाणी थंड. डबीतली हवा आकसते आणि ढिल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. वरून काही दिसत नाही. महिन्याभराने चकती फिरवायला जावे तर ती दगड झालेली असते. मग माणूस पकड लावतो, चकतीचा उंचवटा तुटतो आणि दोष हबला मिळतो. चकती हाताच्या जोरानेच फिरवायची असते. अडली तर गाडी वीतभर पुढे-मागे घ्यायची, दाते जुळले की ती बसते. पुराच्या पाण्यातून गेलेल्या हबचे झाकण काढून, आतले डिझेलने धुऊन, पुसून, पातळ ग्रीसचा हात फिरवणे हे तासाभराचे काम आहे. इथेही उत्साहाने घात होतो. बेअरिंगचे जाड ग्रीस हबमध्ये ठासून भरले की आतली रिंग सरकत नाही, थंडीत तर मुळीच नाही. हब बेअरिंग नाही. त्याला ग्रीसचा नुसता वास पुरतो. उलट, वर्षभर मोकळ्या ठेवलेल्या हबमागे पुढचा एक्सल कोरडा पडतो, म्हणून महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर लॉक करून दहा-पंधरा किलोमीटर चालवावे, म्हणजे क्राऊनचे तेल सगळीकडे उडते. आटपाडी-जतच्या गाड्यांना हा नियम पाटणच्या गाड्यांपेक्षा जास्त लागू आहे.

दुरुस्तीच्या या साधेपणाला कोणी मागासलेपणा म्हणेल. पण या भागाचा यंत्रांशी जुना परिचय आहे. पलूसजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगराच्या जोरावर. एखादे यंत्र इथल्या रानात टिकायचे असेल तर त्याचा झिजणारा भाग तालुक्याच्या गावात बदलता आला पाहिजे, ही कसोटी नांगराला तेव्हा लागू होती आणि पिकअपला आजही आहे. हाताच्या हबमध्ये एक रिंग, एक स्प्रिंग, एक ओ-रिंग, थोडे बोल्ट. कराड किंवा इस्लामपूरचा कोणताही जाणता मेस्त्री ते उघडून बसवू शकतो. सेन्सर बिघडलेल्या बटणाच्या यंत्रणेला मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत न्यावे लागते, आणि ती बिघडते नेमकी पावसाळ्यात.

जुनी हबवाली पिकअप विकत घेताना विकणारा चकत्या फिरवून दाखवतो आणि कट्कन आवाज झाला की गिऱ्हाईक खूश होते. तो आवाज वरच्या चकतीचा असतो, आतल्या रिंगचा नव्हे. गाडी टू-व्हीलवर ठेवून पुढचे एक चाक जॅकवर उचलावे. हब फ्री असताना चाक हाताने फिरवले तर आतला एक्सल थांबलेला दिसला पाहिजे. मग लॉक करून फिरवावे; आता एक्सल चाकाबरोबर फिरला पाहिजे, पुढेही आणि मागेही. नंतर जॅक दुसऱ्या बाजूला.